रुबेनचा उजवा गुडघा

अकरा मोसम मी गोव्यातल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळलो आणि एवढ्या काळात एकूण तीन गोल केले. त्यांतला एक आमच्याच जाळ्यात गेला. नवापूरच्या बाजारात अजून कोणीतरी हटकून विचारतं, "शामूभाऊ, तिकडे गोल किती मारले?" मी "तीन" म्हणतो. समोरचा आजाऱ्याची समजूत काढावी तसं म्हणतो, "चालायचंच. खेळायला तर मिळालं."

मी स्टॉपर होतो. म्हणजे काय, हे त्यांना कुठून सांगायला सुरुवात करावी तेच कळत नाही. गोलकीपरच्या पुढे, मैदानाच्या मधोमध दोन माणसं उभी असतात, ते स्टॉपर. समोरच्या फॉरवर्डला गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढं त्यांचं काम. ते नीट झालं तर काहीच घडत नाही आणि बघणारे म्हणतात, आज मॅच कंटाळवाणी झाली. फॉरवर्ड मॅचभर हिंडून शेवटी एकदा पाय लावतो, त्याला खांद्यावर घेतात. आम्ही मॅचभर डोळ्यांत तेल घालून उभे राहतो आणि शेवटी एकदा पाय चुकला की दुसऱ्या दिवशी पेपरात नाव.

म्हणून स्टॉपरला भीती वाटते. मला फार वाटायची. प्रत्येक मॅचआधी मला उलटी व्हायची. कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यात एक निळी बादली असायची, ती माझ्यासाठी. नवे खेळाडू हसायचे, जुने म्हणायचे सवयीने जाईल. गेली नाही. आता नवापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी खेळ शिकवतो. मुलींचा संघ घेऊन धडगावला स्पर्धेला निघालो की घाटात माझ्या पोटात तेच सुरू होतं. मुलींना वाटतं, सरांना गाडी लागते.

पण हे माझ्याविषयी झालं. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवली, आणि ती रुबेनची आहे. त्याची आणि त्याच्या उजव्या गुडघ्याची. बारा वर्षं मी ती अर्धीच सांगत आलो आहे.

रुबेन पाराग्वेचा. दक्षिण अमेरिकेत ब्राझीलला लागून हा लहानसा देश आहे, त्याला समुद्र नाही. माझ्या तिसऱ्या मोसमात क्लबने त्याला आणलं. वय छत्तीस, उंच, कपाळ मागे सरकत चाललेलं, डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण. चार देशांत स्टॉपर म्हणून खेळून तो आमच्याकडे आला होता आणि हे आपलं शेवटचं ठिकाण, असं स्वतःच सांगायचा. मी चोवीस वर्षांचा, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसणारा.

त्याच्या जोडीला दुसरा स्टॉपर कोण, हे ठरायचं होतं. रुबेनने चार दिवस आम्हा सगळ्यांना खेळताना पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. सरावानंतर मी त्याला कारण विचारलं. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, मलाही तेवढंच. त्यामुळे आमचं एकमेकांशी चांगलं जमायचं.

"तू घाबरतोस," तो म्हणाला.

"मग?"

"ते घाबरत नाहीत. त्यांच्याशेजारी उभं राहायची मला भीती वाटते."

त्याची शिकवायची पद्धत अशी. चेंडू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असताना तो एकदम ओरडायचा, "नऊ नंबर कुठाय?" नऊ नंबर म्हणजे समोरचा मुख्य फॉरवर्ड. मान न वळवता मी हाताने दाखवायचं. चुकलं की मैदानाला एक फेरी. पहिल्या आठवड्यात मी चेंडूपेक्षा फेऱ्याच जास्त खेळलो. फॉरवर्डचे डोळे बघू नकोस, पायही बघू नकोस, असं तो सांगायचा. दोन्ही फसवतात. कंबर बघ, माणूस कंबर जाईल तिकडेच जातो. आणि घाई करू नकोस. ज्या पायाने त्याला नीट मारता येत नाही, त्या बाजूला त्याला हळूहळू ढकलत ने. ही सवय इतकी अंगात भिनली की आज बाजारात भाजी घेतानाही माझ्या मागे कोण उभं आहे ते मला ठाऊक असतं. बायको म्हणते, तुम्ही चोरासारखे दिसता.

फॉरवर्ड नाना तऱ्हेचे भेटले. एक होता, तो खेळताना सतत बोलायचा. कॉर्नरच्या वेळी, सगळे गोलसमोर गर्दी करून उभे असताना, माझ्या कानाशी येऊन बहिणीच्या लग्नाचं सांगायला लागला. हॉल मिळत नाही, पावसात मांडव घालायचा कसा. मी "अरेरे" म्हणेपर्यंत तो माझ्यापुढे जाऊन हेड मारून मोकळा. नंतर कळलं, त्याला बहीणच नव्हती. दुसरा एक पंजाबचा, अवाढव्य. तो मॅचभर माझ्या अंगठ्यावर पाय देऊन उभा राहायचा आणि दर वेळी मनापासून सॉरी म्हणायचा. रुबेनने ते पाहिलं आणि मध्यांतरानंतर माझ्याशी जागा बदलली. पंचेचाळीस मिनिटं तो त्याच्या पाठीला छाती लावून एक शब्द न बोलता उभा राहिला. शेवटी तो पंजाबी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाई, तू वापस आ जा."

भाषेचं एक सांगितलं पाहिजे. आम्ही कोकणी आदिवासी, माझं आडनाव कोकणी आणि आमची घरची बोलीही कोकणी. गोव्यात पहिल्या दिवशी सगळे खूश झाले आणि माझ्याशी घडाघडा बोलायला लागले. मला एक अक्षर कळेना. आमची डोंगरातली कोकणी वेगळी, तुमची वेगळी, हे मी दर वर्षी नव्या लोकांना समजावून सांगायचो. रुबेनला ते लगेच कळलं. त्याच्याकडेही शाळेत आणि कचेरीत स्पॅनिश, घरात ग्वारानी. ग्वारानी ही तिथल्या मूळच्या रानातल्या लोकांची भाषा.

"शाळेत घरची भाषा बोललास तर मार पडायचा?" मी विचारलं.

"पडायचा. तुला?"

"वर्गाबाहेर उभं करायचे."

तेव्हापासून मैदानावर फजिती व्हायची वेळ आली की मी कोकणीत ओरडायचो आणि तो ग्वारानीत. शब्द कळत नसत, पण आवाजावरून चेंडू कोणाचा ते कळे.

त्या मोसमात आमच्यावर फार थोडे गोल झाले. रुबेनला क्लबने तोंडी सांगितलं होतं की एवढा मोसम पुरा कर, मग इथेच लहान मुलांच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून तुला ठेवून घेऊ. त्याला तेच हवं होतं. बायकोला आणि सहा वर्षांच्या लुसियाला गोव्याला आणायचं त्याने ठरवलं होतं. लुसियासाठी शाळाही बघून ठेवली होती. सरावाहून परतताना मुद्दाम त्या शाळेवरून जायचा.

नाताळाची पाच दिवस सुट्टी मिळाली. पाराग्वेला जाऊन यायलाच चार दिवस लागतात. मी म्हटलं, माझ्या घरी चल. मॅनेजरने मला बोलावून घेतलं. "ने त्याला. पण तिथे तो चेंडूला पाय लावणार नाही. जबाबदारी तुझी."

"हो सर," मी म्हणालो.

मडगावहून सुरत, सुरतहून पॅसेंजरने नवापूर आणि तिथून माझ्या थोरल्या भावाच्या, दानियेलदादाच्या मोटारसायकलवर तिघं. सगळ्या रस्ताभर माझं लक्ष रुबेनच्या पायांवर होतं. ते जमिनीला टेकत होते.

गावात त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. आमच्या मराठी बायबलात त्याचं नाव रऊबेन असं येतं, याकोबाचा थोरला मुलगा. चर्चमध्ये म्हाताऱ्या बायकांनी त्याला जवळून न्याहाळलं आणि ठरवलं की हा आपल्यातलाच दिसतो, फक्त फार वाढलाय. आई त्याला तांदळाची भाकर आणि उडदाची डाळ वाढताना कोकणीत बोलायची, तो ग्वारानीत उत्तर द्यायचा. मी आईला विचारलं, काय बोलताय? ती म्हणाली, "त्याची मुलगी नीट जेवत नाही." मी रुबेनला विचारलं. खरंच तो तेच सांगत होता, फोटो दाखवून आणि हातवारे करून.

मी मात्र सुखात नव्हतो. तो बांधावरून चालला की मी पुढे, ओढ्यात उतरला की मी मागे. पोरांनी त्याच्यापुढे चेंडू टाकला की मी धावत जाऊन उचलायचो. दादा म्हणाला, "अरे, तू पाहुणा आणलाय की काचेचा दिवा?"

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मॅच असते. आमचं गाव आणि डोंगरापलीकडचं गाव. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात खेळतात आणि जिंकणाऱ्याला बोकड मिळतो. खुंट आधी उपटून काढतात, तरी काही राहतातच. जमीन वाळून भेगाळलेली असते. मी दर वर्षी खेळायचो आणि क्लबात सांगायचो नाही. रुबेनला शेताच्या कडेला खाटेवर बसवलं होतं, गळ्यात झेंडूचा हार घालून.

एक-एक गोल झाला होता. मॅच संपायला थोडाच वेळ असताना आमचा दुसरा स्टॉपर, माझा चुलतभाऊ मार्कस, पाय मुरगळून बाहेर गेला. बदली माणूस उरला नव्हता. दादा माझ्याकडे आला.

"पाहुण्याला विचार ना. दहाच मिनिटं राहिलीत."

"नाही दादा. मी तिकडे शब्द दिलाय."

"खेळ कोण म्हणतंय? नुसता उभा राहू दे. ते लोक बघूनच थांबतील."

"नाही म्हटलं ना."

मी नाही म्हणालो, हे खरं आहे. पण म्हणताना मी दादाकडे बघत नव्हतो, रुबेनकडे बघत होतो. त्याला कोकणी येत नव्हती, पण माणसाच्या तोंडावरचं वाचायचं हाच त्याचा धंदा होता. तो उठला. हार काढून शेजारच्या म्हातारीच्या हातात दिला.

"रुबेन, नको," मी म्हणालो.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "चालतच खेळतो."

तो घरात जाऊन बूट घालून आला. बूट त्याने बॅगेत आणले होते, हे मला माहीत नव्हतं.

आणि खरंच तो चालत खेळला. पलीकडच्या गावाचा फॉरवर्ड म्हणजे तिथल्या शाळेचे एक मास्तर होते, काटकुळे, कॅनव्हासचे बूट घातलेले, पण फार चपळ. दोनदा ते चेंडू घेऊन आले. दोन्ही वेळा रुबेन एक पाऊल बाजूला सरकला आणि मास्तर पुढे गेले, चेंडू मागे राहिला. दुसऱ्या वेळी मास्तर स्वतःच हसले. लोक आधी चिडीचूप होते, मग म्हातारी माणसंसुद्धा उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता दोन-तीन मिनिटं, मग संपलं.

चेंडू माझ्याकडे आला. मास्तर माझ्या अंगावर धावून आले. मी चेंडू मागे रुबेनकडे ढकलला. वाटेत एका खुंटाला लागून तो मंदावला. मास्तर मला ओलांडून त्याच्यावर झेपावले. रुबेनला पुढे यावं लागलं. चालून भागणार नव्हतं, तो धावला. उजवा पाय लांब टाकून त्याने चेंडू बाहेर उडवला. टेकताना उजवा बूट जमिनीच्या भेगेत अडकून बसला आणि डावा पाय पुढे पडला. अंग वळलं, गुडघा वळला नाही.

तो आवाज मी ऐकला. जाड कापड फाटावं तसा.

रुबेन ओरडला नाही. आडवा झाला, आभाळाकडे बघत खालच्या आवाजात ग्वारानीत काहीतरी म्हणाला. मास्तर हात जोडून उभे होते. "माझा धक्का लागला नाही हो. खरंच नाही लागला." त्यांचा धक्का लागला नव्हताच. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

गाडी मिळेना. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा चालू होती आणि आसपासच्या जीपा तिकडच्या भाड्याला गेल्या होत्या. दादा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. यात्रेकरूंना इकडे सोडून परत निघालेली, शहाद्याकडची एक रिकामी जीप त्याने थांबवली. रुबेनला मागच्या बाकावर आडवं केलं आणि त्याचा पाय मी मांडीवर घेतला. गुडघा एव्हाना नारळाएवढा झाला होता.

जीपवाला अहिराणी बोलणारा, बोलका होता. "काय व्हयनं भो?"

"खेळताना पडला."

"हाऊ कोठला शे?"

"पाराग्वेचा."

"ते गुजरातमा शे का?"

"लांब आहे," मी म्हणालो.

त्याने आरशातून पायाकडे बघितलं. "घोडाना पाय असा सुजना ना, तं मालक त्याले यात्रामा लयत नही." म्हणजे असला घोडा यात्रेत आणतच नाहीत. रुबेनने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, लवकर बरा होशील म्हणतोय.

प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी तो पाय धरून ठेवायचो. त्याचा घाम माझ्या हाताला लागत होता, की माझाच होता कोण जाणे. विसरवाडी मागे पडल्यावर तो बोलला. त्याच्या तोंडी शामूचा सामू व्हायचा.

"सामू, ऐक. ट्रेनमधून उतरताना मी पडलो."

"नाही. मी खरं सांगणार."

"खरं सांगितलंस तर दोघांना काढतील. असं सांगितलं तर एकच जाईल."

मी त्याला म्हणायला हवं होतं की शब्द मी दिला होता, जाईन तर मी जाईन. ते वाक्य मी तोंडात जुळवत होतो. खांडबारा आलं, गेलं. नंदुरबार आलं. वाक्य तोंडातच राहिलं.

हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. "हाड शाबूत आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "एवढ्यात खूश होऊ नका. गुडघ्याच्या आत एक जाड दोरी असते, वरचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारी. ती तुटली असावी. सुरतला नेऊन मोठी तपासणी करा. वय काय यांचं?"

"छत्तीस."

"काय करतात?"

"फुटबॉल खेळतात."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी परत लिहायला घेतलं. रुबेन त्यांच्या पेनाकडे बघत होता. बाहेर आल्यावर डॉक्टर काय म्हणाले, हे त्याने मला विचारलं नाही.

क्लबात मॅनेजरने दोघांना समोर बसवलं आणि प्रश्न मला विचारला, कारण जबाबदारी माझी होती. "काय झालं?"

"ट्रेनमधून उतरताना पाय घसरला, सर. फलाट खोल होता आणि गाडी पुरती थांबली नव्हती." कोणी न विचारता मी फलाटाची खोलीही सांगितली. खोटं बोलणारा माणूस असाच जास्तीचं बोलतो, हे मला आता शाळेतल्या मुलींवरून कळतं. रुबेनने मान डोलावली. मॅनेजर आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि म्हणाला, "ठीक आहे."

ऑपरेशन झालं. पाय बरा झाला तरी तो पूर्वीसारखा वळणार नाही, असं कळलं. प्रशिक्षकाच्या जागेचं बोलणं तोंडी होतं, ते कोणी परत काढलं नाही. मोसम संपायच्या आधीच रुबेन कुबड्या घेऊन विमानतळावर गेला. मी त्याची बॅग उचलली होती. आत जाताना तो म्हणाला, "नीट खेळ." एवढंच. त्या शाळेत लुसियाच्या नावाने भरलेला फॉर्म त्याच्या खोलीत टेबलावर राहिला होता. खोली रिकामी करताना तो मला सापडला. मी तो ठेवलाही नाही आणि फाडलाही नाही, तिथेच सोडून आलो.

रुबेनची जागा मला मिळाली. आणखी आठ मोसम मी खेळलो, दोन मोसम कर्णधार होतो, एकदा उत्तम बचावपटू म्हणून कपही मिळाला. गावात सत्कार झाला तो त्याच शेताच्या कडेला मांडव घालून. दादा भाषणात म्हणाला की आमच्या शामूने परदेशी खेळाडूची जागा भरून काढली. मी हार घालून मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

रुबेन आणि मी नाताळाला एकमेकांना दोन ओळी पाठवायचो. तब्येत, मुलं, पाऊस. त्याने तिकडे सासऱ्याच्या लाकडाच्या वखारीत काम धरलं आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवायला लागला.

यंदा उन्हाळ्यात एका रविवारी संध्याकाळी, शाळेच्या मैदानावर मी चुना आणि दोऱ्या आवरत होतो, तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिकडे सकाळ होती. दाढी पिकलेली, भुवईवरची खूण तशीच. त्याच्या शेजारी एक उंच मुलगी बसली होती, अंगात खेळाचा पोशाख. लुसिया, अठरा वर्षांची. गावाच्या संघात स्टॉपर खेळते. तासाभराने तिची मॅच होती.

"सामू, तुमच्या गावच्या त्या मॅचचा व्हिडिओ असेल का कोणाकडे?" रुबेनने विचारलं. "हिने माझ्या सगळ्या मॅच जमवल्यात. शेवटचीच नाही. भाताच्या शेतात खेळलो म्हणतो, तर विश्वास ठेवत नाही."

माझ्या हातातली दोरी मी खाली ठेवली.

व्हिडिओ होता. पाय मुरगळून बाहेर बसलेल्या मार्कसने मोबाइलवर काढला होता, रुबेन मैदानात आला तिथपासून. आम्ही गोव्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मार्कसचा फोन आला होता, "शामूदादा, पाहुण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकू का?" मी त्याला तो पुसायला लावला. आणखी कोणाला पाठवला ते विचारलं. दोघांना पाठवला होता, त्यांनाही फोन करून पुसायला लावला. तरी पुढची कितीतरी वर्षं मॅनेजरने बोलावलं की मला वाटायचं, आला तो व्हिडिओ.

"होता," मी म्हणालो. "मी पुसायला लावला."

"का?"

"भीतीने. माझी जागा जाईल म्हणून."

रुबेनने लुसियाकडे वळून ते ग्वारानीत सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. आता थांबलो तर परत बारा वर्षं थांबावं लागेल, असं मला वाटलं.

"आणि रुबेन, तो चेंडू. मी सगळ्यांना सांगतो की तो खुंटाला लागला. लागला होता. पण खुंट नसता तरी तो तुझ्यापर्यंत पोचला नसता. मीच कमी जोराने दिला होता."

या लेखातही वर मी खुंटाचंच लिहून गेलो आहे. ते खोडलेलं नाही, कारण इतकी वर्षं माझ्या तोंडून ते असंच बाहेर पडत आलं आहे.

रुबेनने हेही तिला सांगितलं, सावकाश, हाताने चेंडू सरकवल्यासारखं करून. लुसिया पुढे वाकली. हसली नाही, रागावलीही नाही. तिने बापाला एक प्रश्न विचारला. तो माझ्याकडे वळला.

"ती विचारते, तो माणूस एवढा अंगावर आला होता, तर तू चेंडू बाहेर का नाही मारलास?"

स्टॉपर अडचणीत सापडला की त्याने चेंडू मैदानाबाहेर मारायचा. कुठेही, ओढ्यात, झाडात. हे मी आमच्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतो. त्यात शोभा नसते, पण कोणाचा पाय मोडत नाही. मला हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. मॅनेजरला ती मॅचच माहीत नव्हती. दादा आणि मार्कस यांच्या ते ध्यानात आलं नाही. रुबेनच्या ते त्याच क्षणी ध्यानात आलं असणार, आणि जीपमध्ये, दवाखान्यात, विमानतळावर त्याने विचारलं नव्हतं.

शेत उताराचं होतं, असं मला सांगता आलं असतं. वेळ मिळाला नाही, असंही सांगता आलं असतं.

"गाव बघत होतं," मी म्हणालो.

रुबेनने ते तिला सांगितलं. त्याला दोन-तीनच शब्द लागले. लुसियाने मान हलवली, बूट उचलले, मला हात केला आणि मॅचला उशीर होत होता म्हणून निघून गेली. रुबेन आणि मी फोन चालू ठेवून बसून राहिलो. त्याच्याकडे कुठेतरी करवतीचा आवाज येत होता. माझ्याकडे मैदानावर अंधारून आलं तेव्हा त्याने विचारलं, "आई कशी आहे?" आणि मी सांगायला लागलो.